नेट बंद, प्लॅनचे दिवस चालू

अमळनेर तालुक्यातल्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या विनंतीवरून नाव-गाव देत नाही. ताई बी.कॉम. झालेल्या आहेत आणि घरी बसून तालुक्यातल्या काही दुकानदारांची जीएसटीची कामं करतात. जानेवारीत त्यांनी फायबरचं वायफाय घेतलं. बारा महिन्यांचे पैसे एकदम भरले की तेरावा महिना फुकट, अशी योजना होती. करासकट ८,४९६ रुपये त्यांनी ॲपवरून भरले. जोडणीचे १,५०० रुपये रोख दिले, ते यजमानांच्या चुलतभावाच्या हातात, कारण गावातली फ्रँचायझी त्याच्याकडे आहे. त्याची पावती नाही. राउटर फुकट आहे, असं तेव्हा तो म्हणाला होता.

जूनमध्ये नळयोजनेची चारी खोदताना जेसीबीने फायबर तोडली आणि १२ ते २८ जून नेट बंद राहिलं. ऑगस्टमध्ये पुन्हा सहा दिवस गेलं. २० जूनचं रिटर्न दोन दुकानदारांचं उशिरा भरलं गेलं, लेट फी ताईंनी पदरची दिली. कस्टमर केअरचं उत्तर एकच: वार्षिक प्लॅनमध्ये दिवस वाढवून मिळत नाहीत. मग जोडणीच बंद करते म्हटल्यावर, राउटर परत करा नाहीतर २,५०० रुपये भरा, असं सांगण्यात आलं. शिवाय शंभर एमबीपीएसच्या प्लॅनमध्ये मोबाइलवर वीस-पंचवीसच दिसतात, ही फसवणूक नाही का, असंही त्या विचारतात. सासरे म्हणतात, "आपलाले याच गावमा ऱ्हावानं शे, जाऊ दे." ताईंचा प्रश्न असा: वर्षाचे सगळे पैसे परत मागायचे, की दिराच्या पोटावर पाय येईल म्हणून गप्प बसायचं?

ताई,

तुमच्या पत्रात दोन भांडणं एकमेकांत गुंतली आहेत. एक कंपनीशी, पैशांचं. दुसरं भाऊजींशी, जे अजून झालेलंच नाही. पण त्या न झालेल्या भांडणाच्या धास्तीने पहिलं अडून बसलंय. म्हणून आधी भाऊजींचं बघू.

ॲपमधून जानेवारीचं बिल उघडा आणि वर कोणाचं नाव छापलंय ते वाचा. भाऊजींचं नसणार. तिथे ज्या कंपनीचं नाव आणि जीएसटी क्रमांक आहे, तिला दूरसंचार विभागाचा परवाना असतो. गावोगाव जोडण्या द्यायला तिने कोणालाही नेमलं, तरी ग्राहकाला उत्तर देण्याची जबाबदारी परवाना असणाऱ्याचीच राहते. तुम्ही पैसे कंपनीला दिलेत, सेवेचा शब्दही कंपनीने दिलाय. भाऊजी मधल्यामध्ये कमिशनवर काम करतात. प्लॅनचे दिवस वाढवून द्यायचं बटण त्यांच्या मोबाइलमध्ये नाही.

आता १२ जूनला काय झालं ते बघा. फायबर तुटली, तुम्ही भाऊजींना व्हॉट्सॲप केलं, "भाऊ, नेट गेलं." त्यांनी लिहिलं, "हो वहिनी, बघतो." गल्लीतल्या बाकीच्यांनीही तेच केलं असणार, कारण कस्टमर केअरचा नंबर लावून 'मराठीसाठी अमुक दाबा' ऐकत बसण्यापेक्षा घरचा माणूस बरा. पण चारीत तुटलेली मेन लाइन जोडायला स्प्लायसिंगचं मशीन लागतं आणि गावातल्या फ्रँचायझीवाल्याकडे ते सहसा नसतं. तालुक्याहून किंवा जिल्ह्याहून टीम यावी लागते. ती टीम कुठे आधी पाठवायची हे ठरवणाऱ्याला तुमचं गाव दिसत नाही, त्याच्या पडद्यावर तिकिटं, म्हणजे नोंदलेल्या तक्रारी, दिसतात. एका गावातून चाळीस तिकिटं आणि दुसऱ्या गावातून एक फोन, तोही फ्रँचायझीवाल्याचा, तर टीम कुठे जाईल? तुम्ही सगळ्यांनी भाऊजींना सांभाळून घेतलंत आणि त्यात ते एकटे पडले. कंपनीच्या दफ्तरी तुमच्या गावात जूनमध्ये काही घडलंच नाही, असंही असू शकतं.

तेव्हा तक्रार नोंदवणं म्हणजे त्यांच्या पोटावर पाय, हे मला पटत नाही. मात्र ती त्यांच्या नकळत करू नका. संध्याकाळी घरी चहाला बोलवा आणि सरळ सांगा: भाऊ, मी कंपनीकडे बंद दिवसांचा हिशोब मागणार आहे, त्यात तुमचं नाव घेणार नाही, पण टीम कोणत्या तारखेला आली आणि तुम्ही वर कधी कळवलं होतं, ते मला सांगा. त्यांनी वर पाठवलेले मेसेज असतील तर ते तुमच्या कामाचे आहेत. आणि हे सगळं सासऱ्यांच्या, म्हणजे आप्पांच्या, समोर बोला. आप्पांचं म्हणणं चुकीचं नाही. गावात राहायचंय म्हणून भाऊबंदांशी तंटा नको, हे बरोबरच आहे. पण कुठल्या तरी शहरात कार्यालय असलेल्या कंपनीला गावात राहायचं नाहीये, तिला आप्पांनी इतकं जपायचं कारण नाही.

रोख दिलेल्या १,५०० रुपयांचं मात्र जरा अवघड आहे. जोडणी घेताना तुमच्या मोबाइलवर ओटीपी आला होता, त्याने तुम्ही ग्राहक अर्जावर ऑनलाइन सही केली. त्या अर्जाची प्रत ॲपमध्ये किंवा ईमेलमध्ये सापडेल. त्यात जोडणीचा खर्च काय लिहिलाय ते पाहा. १,५०० लिहिले असतील तर कंपनीकडून पावती मागा. शून्य लिहिला असेल तर ते पैसे भाऊजींनी स्वतःचे म्हणून घेतले. खांबापासून घरापर्यंतची वायर, खिळे, दिवसभराची मेहनत, असं काही ते सांगतील आणि ते अगदीच खोटं नसेल. मी असते तर हा विषय कंपनीच्या तक्रारीत आणला नसता. घरात एकदा विचारलं असतं आणि व्हॉट्सॲपवर "१,५०० मिळाले" एवढं लिहून घेऊन सोडून दिलं असतं. तुम्ही वेगळं ठरवलंत तरी माझी हरकत नाही, पण दोन्ही हिशोब एका कागदावर घेऊ नका.

आता पैशांकडे वळू. वर्षाचे सगळे पैसे परत मिळावेत असं तुम्हाला वाटतं. संताप समजतो, पण जानेवारी ते जून नेट चाललं, जुलैत चाललं, आजही चालू आहे. वापरलेल्या महिन्यांचे पैसे कोणीही परत देणार नाही आणि तसं मागितलं की तुमची खरी मागणीही उगाच हलकी होते. साधा हिशोब करा. तेरा महिने म्हणजे साधारण ३९५ दिवस. ८,४९६ ला ३९५ ने भागलं की दिवसाला साडेएकवीस रुपये. जूनचे १७ आणि ऑगस्टचे ६ असे २३ दिवस, म्हणजे ४९५ रुपयांच्या आसपास. किंवा पैशांऐवजी प्लॅन २३ दिवसांनी पुढे. तुमची मागणी निदान इथून सुरू होते.

पाचशे रुपयांसाठी एवढा उपद्व्याप? असं कोणीतरी म्हणेलच. एका घराचे पाचशे आहेत हे खरं. खांबावरच्या ज्या डब्यातून तुमची तार आलीये, त्याच डब्यावरच्या सगळ्या घरांचे मोजले की रक्कम बदलते, आणि कंपनी नेमकी याच भरवशावर असते की पाचशे रुपयांसाठी कोणी उठणार नाही.

'वार्षिक प्लॅनमध्ये दिवस वाढत नाहीत' हे वाक्य तुम्ही नियम म्हणून स्वीकारलंत. फोनवर बोलणाऱ्या मुलाला समोर लिहून दिलेलं ते वाक्य आहे, कायदा नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरण म्हणजे ट्राय. त्यांचे सेवेच्या दर्जाविषयीचे नवे विनियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. तारेच्या जोडणीतला बिघाड तीन दिवसांहून जास्त राहिला तर ग्राहकाला भरपाई द्यायची, ग्राहक पोस्टपेड असो की प्रीपेड, असं त्यात आहे. तुमचे दोन्ही बिघाड तीन दिवसांच्या पुढचे आहेत. आगाऊ पैसे भरले म्हणून हा हक्क जात नाही. उलट ज्याने वर्षाचे पैसे आधीच मोजले त्याच्या हातात बिल थांबवण्याचं हत्यार नसतं, म्हणून त्याला या नियमाची गरज जास्त.

अडचण एकच आहे आणि ती मी लपवत नाही. बिघाडाचे दिवस कंपनी मोजणार ते तक्रार नोंदल्यापासून. नोंदच नसेल तर ती म्हणेल, आम्हाला कळलंच नाही. म्हणून आता पुरावे गोळा करायचे आहेत, आणि ते तुम्हाला वाटतात त्याहून जास्त आहेत. मोबाइलमधले जूनचे एसएमएस उपसा. कस्टमर केअरला फोन केला असेल तर तक्रारीचा क्रमांक, म्हणजे डॉकेट नंबर, मेसेजने आलेला असतो. तो देणं कंपनीवर बंधनकारक आहे. कंपनीच्या ॲपमध्ये दिवसागणिक डेटा वापर दिसत असेल तर १० ते ३० जूनचे स्क्रीनशॉट काढा. रोज पाच-दहा जीबी वापरणाऱ्या घरात सलग सतरा दिवस शून्य, हे कंपनीचंच दफ्तर बोलतंय. भाऊजींशी झालेलं व्हॉट्सॲप तारखांसकट जपा. चारी कधी खोदली ते ग्रामपंचायतीत कळेल. शेजारच्या दोन-तीन घरांनी "आमचंही त्याच तारखांना बंद होतं" असं सहीनिशी लिहून दिलं तर उत्तमच.

आणि राउटर बघायला शिका, हे मी प्रत्येक वाचकाला सांगेन. भिंतीवरच्या त्या डबीवर 'लॉस' (LOS) असं लिहिलेला एक दिवा असतो. तो लाल लुकलुकत असेल तर तारेतून येणारा प्रकाश तुमच्या घरापर्यंत पोचत नाहीये. तार कुठेतरी तुटलीये, दबलीये किंवा खांबावरच्या डब्यात निघालीये. सगळेच दिवे गेलेले असतील तर लाइट नाही किंवा ॲडॉप्टर गेलाय. लाल दिवा नाही, बाकीचे दिवे नेहमीसारखे हिरवे, तरी नेट नाही, तर आयडी बंद पडलीये किंवा पुढे कंपनीकडे घोळ आहे. दिव्यांचा फोटो काढा, फोटोत तारीख-वेळ आपोआप नोंदते. फोनवर "राउटर बंद करून चालू करा" हे पालुपद सुरू झालं की "लॉसचा दिवा लाल आहे" एवढं म्हटलं तरी समोरच्याचा सूर बदलतो. तार जोडून झाल्यावर भाऊजींना तारेतला प्रकाश मोजायचं मीटर लावायला सांगा. उणे वीस-बावीसच्या आसपास आकडा आला तर सांधा नीट बसलाय. उणे सत्तावीस-अठ्ठावीसच्या पुढे घसरला असेल तर लाइन रडतखडत चालणार आणि पहिल्या पावसात पुन्हा जाणार. ऑगस्टचे सहा दिवस मला तसल्याच घाईच्या सांध्याचे वाटतात, पण ते मीटरच सांगेल.

पुढचा रस्ता लांब नाही. आधी कंपनीच्या तक्रार केंद्राकडे, फोन किंवा ॲपवरून, आणि सोबत ईमेल. मजकूर एवढाच ठेवा:

"माझा ग्राहक क्रमांक अमुक. दि. १२ ते २८ जून व ९ ते १४ ऑगस्ट या काळात सेवा पूर्ण बंद होती. सोबत डेटा वापराचे स्क्रीनशॉट व शेजारच्या ग्राहकांचं निवेदन जोडलं आहे. ट्रायच्या २०२४ च्या सेवादर्जा विनियमांनुसार तीन दिवसांहून जास्त चाललेल्या बिघाडाची भरपाई मिळावी. ती रकमेने द्यावी किंवा प्लॅनची मुदत तेवढी वाढवावी. तक्रार क्रमांक कळवावा व निर्णय लेखी द्यावा."

ऑगस्टच्या तारखा मी अंदाजाने घातल्यात, तुमच्या तुम्ही घाला. यात 'लूट', 'फसवणूक', 'मानसिक छळ' हे शब्द नाहीत, ते मुद्दाम. ते वाचून कोणी रक्कम वाढवत नाही.

उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर त्याच कंपनीचं अपिलीय प्राधिकरण असतं. २०१२ च्या तक्रार निवारण विनियमांनी प्रत्येक कंपनीला ते नेमायला लावलंय. तक्रारीची मुदत संपल्यापासून किंवा असमाधानकारक उत्तर आल्यापासून तीस दिवसांत तिथे अपील करायचं असतं. फी नाही, ईमेल चालतो आणि त्यांनी ३९ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. कस्टमर केअरवाले त्याचा पत्ता आपणहून देत नाहीत. ट्रायच्या तक्रार पोर्टलवर कंपनीवार संपर्क दिलेले आहेत. बहुतेक लोक पहिल्या नकारावर थांबतात आणि हा दुसरा दरवाजा वाजवतच नाहीत. अनेकजण उलटं करतात, थेट ट्रायला पत्र लिहितात. ट्राय एकेका ग्राहकाच्या तक्रारी सोडवत नाही, ते पत्र तिथेच राहतं. त्यापेक्षा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर लावा, मराठीत बोलता येतं. तिथून प्रकरण गेलं की कंपन्या निदान फोन तरी करतात.

एवढ्यावरही नाही झालं तर जळगावचा जिल्हा ग्राहक आयोग. याबद्दल एक जुना समज अजून फिरतोय, की टेलिफोन-इंटरनेटच्या तक्रारी ग्राहक न्यायालयात चालत नाहीत. तो निराधार नव्हता. १८८५ च्या तार कायद्यात लवादाची तरतूद होती आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्याच आधारे ग्राहक मंचांची वाट अडवली होती. पण १६ फेब्रुवारी २०२२ रोजी व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती वाट मोकळी केली. अहमदाबादच्या एका ग्राहकाचं बिल सरासरी ५५५ रुपये यायचं, त्याला एका महिन्याचं चोवीस हजारांवर बिल आलं, तिथून ते प्रकरण सुरू झालं होतं.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुमच्यासारख्यांची आणखी एक सोय केलीये: कंपनीचं कार्यालय कुठेही असो, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, मुदत दोन वर्षांची. कायदा तीन महिन्यांत निकाल द्या म्हणतो, पण प्रत्यक्षात तारखा लांबतात. सुरत-भुसावळ लाइनची गाडी पकडून जळगावच्या फेऱ्या मारायच्या नसतील तर व्हिडिओवरून सुनावणी मागता येते, ती अर्जातच मागा. माझं मत विचाराल तर पाचशे रुपयांसाठी आयोगात जाऊ नका. पण अपिलात आयोगाचा उल्लेख जरूर करा. आणि गल्लीतली आठ-दहा घरं एकत्र येणार असतील तर मत बदलेन.

लेट फीचं काय? रोजचे पन्नास रुपये एका रिटर्नला, ते तुम्ही पदरचे भरलेत. ते मागायला हरकत नाही, फक्त त्यावर फार भिस्त ठेवू नका. कंपनी म्हणेल, प्लॅन घरगुती होता, तुम्ही धंद्याला वापरलात. त्याला उत्तर आहे: स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणारा माणूस ग्राहकच, असं कायद्याचं स्पष्टीकरण सांगतं. पण नेट नव्हतं म्हणूनच रिटर्न राहिलं, दुसरा उपाय नव्हता, हे तुम्हाला दाखवावं लागेल, आणि तुम्हीच लिहिलंय की बाकीच्यांची रिटर्नं तुम्ही घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या छतावर, चढून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भरलीत. वीस तारखेला जीएसटीचं पोर्टल कसं चालतं ते तुम्हाला मी सांगायला नको. ती दोन रिटर्नं नेटने राहिली की पोर्टलने, असं कोणी विचारलं तर? मी असते तर पत्रात त्याचा एका ओळीत उल्लेख केला असता, पावत्या जोडल्या असत्या आणि मिळाले तर मिळाले म्हटलं असतं.

वेगाचा प्रश्न मात्र मला फसवणुकीचा वाटत नाही, निदान अजून तरी. तुमचं घर धाब्याचं, मातीच्या भिंती हातभर जाड, राउटर ओसरीत आणि तुम्ही काम करता मधघरात. वायफायचे दोन पट्टे असतात. २.४ गिगाहर्ट्झचा लांब जातो पण हळू, ५ गिगाहर्ट्झचा वेगवान पण भिंत दिसली की बसतो. मधघरात मोबाइलवर दिसलेले वीस-पंचवीस हा कंपनीच्या तारेचा वेग नाही, तुमच्या भिंतींचा आहे. राउटरला लॅपटॉप केबलने जोडा, बाकीचे मोबाइल बंद करा आणि सकाळी, दुपारी, रात्री नऊला असं दोन-तीन दिवस मोजा. तरीही पंचवीस आले तर तो आकडा तक्रारीत घाला. नव्वदच्या आसपास आले तर एक लांब लॅनची वायर मधघरात ओढून घ्या, प्रश्न मिटेल. तसंच बंद दिवस मोजताना आपल्या घरची लाइट नव्हती तेवढे तास त्यात धरू नका. उन्हाळ्यातलं भारनियमन कंपनीच्या खात्यावर टाकलं की बाकीच्या हिशोबावरही शंका येते. राउटर बहुधा बारा व्होल्टवर चालतो, त्याच्यासाठी छोटा यूपीएस मिळतो. कामाचा माणूस आहात, तो घेऊन टाका.

फायबर नसलेल्या, फक्त मोबाइलवर असलेल्या वाचकांसाठी थोडं. त्याच २०२४ च्या विनियमांत मोबाइल सेवा जिल्हा पातळीवर चोवीस तासांहून जास्त बंद राहिली तर पोस्टपेडला भाड्यात सूट आणि प्रीपेडला मुदतवाढ आहे. आपल्या एकट्या गावचा टॉवर बंद पडला तर हा नियम आपोआप लागेल या भ्रमात राहू नका. तिथे वरचाच रस्ता, तक्रार आणि मग अपील. आणि ज्यांच्या हातात फक्त केबलवाल्याच्या नावाचं चिठोरं आहे, कंपनीचं बिल नाही, त्यांनी पुढचे पैसे देण्याआधी विचारावं: परवाना कोणाचा, आणि त्या नावाचं बिल मिळेल का? नसेल मिळत तर वर्षाचे पैसे एकदम देऊ नयेत, तेरावा महिना कितीही फुकट असो.

कंपनी बदलायची का, हे शेवटी ठेवलं कारण तुम्ही ते पहिल्यांदा करायला निघालात. गावात दुसऱ्या कंपनीची फायबर असेल तर ती कोणत्या वाटेने आलीये ते भाऊजींनाच विचारा. दोन्ही एकाच रस्त्याच्या कडेने आल्या असतील तर पुढची चारी दोघींनाही तोडणार. तुमच्यासारख्या तारखांच्या कामाला दोन फायबरपेक्षा एक फायबर आणि वेगळ्या कंपनीचं एक सिम, हा मेळ जास्त खात्रीचा. कोणतं सिम ते दुकानदाराला विचारू नका. कंपन्यांनी आपल्या संकेतस्थळावर कव्हरेजचा नकाशा लावायचा, असाही दंडक त्या विनियमांत आहे. तो बघा, आणि मग शेजारच्याचा मोबाइल मागून खाली मधघरात बसून बघा.

सध्याचा प्लॅन तेरा महिन्यांचा भरलेलाच आहे, तो रागाने आज बंद केलात तर उरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळतील का, हे अर्जातल्या अटींवर ठरेल आणि मला त्याची फार आशा नाही. दिवस वापरा, तक्रार चालू ठेवा, ॲपमध्ये ऑटोपे लावलेलं असेल तर ते मात्र आत्ताच यूपीआयमधून रद्द करा, म्हणजे मुदत संपताच विचार न करता पुढच्या वर्षाचे पैसे कापले जाणार नाहीत. राउटर फुकट म्हणजे बहुतेक वेळा जोडणी असेपर्यंत वापरायला फुकट, मालकी कंपनीचीच. अर्जात तसं लिहिलेलं असेल तर तो परत देणं रास्त आहे आणि २,५०० चा प्रश्नच उरत नाही. परत देताना ॲडॉप्टरही द्या, मागच्या चिकटपट्टीवरचा सिरीयल नंबर फोटोत घ्या, आणि घ्यायला भाऊजी आले तरी, हो, त्यांच्याकडूनही, पोच घ्या.